प्रिंटरच्या मागची ओळ

वाकडी ओळ दिसली की माझ्या वडिलांच्या दाढेत कळ यायची. गंमत म्हणून सांगत नाही, खरोखर यायची. दारातल्या चपला, टोपल्यातल्या भाकरी, दोरीवरचे कपडे, भिंतीवरचं कॅलेंडर, काहीही तिरपं दिसलं की ते गालावर हात ठेवून 'स्स' करत उठत आणि सरळ करूनच बसत. आई वैतागून म्हणायची, "हा माणूस सरणावरची लाकडं बी सरळ करन अन् मंगच निजन."

त्याला त्यांचं काम कारण होतं. जळगाव जामोदला एका शिक्षणसंस्थेचा स्वतःचा छापखाना होता आणि त्यात बाबा कंपोझिटर होते, म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवणारे. संस्थेच्या शाळा पार सोनाळ्यापर्यंत पसरलेल्या. त्या सगळ्या शाळांच्या प्रश्नपत्रिका, गुणपत्रकं, स्नेहसंमेलनाच्या पत्रिका बाबांच्या हातून जात. महाराष्ट्र राज्य नवंनवं झालं तेव्हा ते तिथं लागले. जुन्या मथळ्यांतून 'मुंबई राज्य' काढून तिथं 'महाराष्ट्र राज्य' बसवणं हे त्यांचं पहिलं काम. अक्षरं वाढली, ओळ फुगली आणि ती बसवता बसवता कसा घाम फुटला, हे ते दर महाराष्ट्र दिनाला सांगत. आम्ही पोरं त्यांच्याआधी वाक्य पुरं करायचो.

खिळ्यांच्या कामात ओळ नुसती सरळ असून भागत नाही, ती वरूनही सपाट लागते. एखादा खिळा केसभर वर राहिला तर कागद फाडतो, खाली राहिला तर उमटतच नाही. म्हणून बाबा जुळवलेल्या मजकुरावरून बोटं फिरवत, वर आलेला खिळा दाबत, खाली गेलेला चिमट्यानं वर ओढत आणि मग घासलेटच्या फडक्यानं सगळं पुसून काढत. तो चिमटा सदऱ्याच्या खिशात कायम असे. आमच्या पायात काटा रुतला तरी तोच बाहेर निघायचा. घासलेटचा वास तर त्यांच्या अंगालाच होता. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच बापांना तो येतो.

मला त्यांनी नागपूरला संगणक शिकायला पाठवलं तेव्हा आमच्या नातेवाइकांत बरीच कुजबुज झाली. पोरीच्या जातीला एवढं कशाला, टायपिंग शिकली असती तरी पोट भरलं असतं, वगैरे. बाबांनी कोणाशी वाद घातला नाही. ते फक्त मला बसस्टँडवर सोडायला आले आणि माझी ट्रंक बसच्या टपावर इतर सामानाशी एका रेषेत लागली की नाही ते बघून खाली उतरले.

मी शिकून परत आले आणि संस्थेनं संगणक घेतला, हे दोन्ही एकाच वर्षात घडलं. तालुक्यात तेव्हा संगणक कोणी पाहिलेला नव्हता. दुसरं कोणी मिळेना म्हणून मला परिविक्षेवर, म्हणजे वर्षभर पारखून बघण्याच्या अटीवर, नोकरी मिळाली. संस्थेचे सचिव हौशी माणूस. त्यांनी संगणक आला त्याच महिन्यात छापखाना बंद करायचा ठराव करून टाकला. खिळे शिशाच्या भावानं भंगारात गेले. बाबांनी ते भंगारवाल्याच्या पोत्यात टाकतानासुद्धा 'क' 'क'मध्ये आणि 'ख' 'ख'मध्ये असे निवडून टाकले. भंगारवाला हसत होता. मला मात्र त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

त्यानंतर सचिवांनी मला बोलावून घेतलं. "हे पाय बाई," ते म्हणाले, "दिवाळीआंधीच्या सहामाहीचे पेपर ह्या मशीनवर निघाले, तं तुह्या बापाले स्टेन्सिलच्या कामावर ठेवतो, रिटायर होयेपर्यंत. नाई निघाले तं पेपर खामगावच्या छापखान्यात जातीन, अन् त्याईले घरी बसा लागन. छापखानाच नाई तं कंपोझिटर काऊन पोसाचा?"

यात त्यांचं काही चुकत होतं असं मला आजही म्हणता येत नाही, पण तो 'पोसाचा' शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही.

स्टेन्सिलचं काम असं होतं. प्रिंटरची रिबन काढून घ्यायची आणि मेणकागदाचं स्टेन्सिल आत सरकवायचं. प्रिंटरच्या सुया मेणावर अक्षरं टोचत जात. मग ते स्टेन्सिल सायक्लोस्टाइलच्या रुळावर चढवून शाई फिरवली की हव्या तेवढ्या प्रती निघत. स्टेन्सिल आत जाताना जरा तिरपं गेलं की अख्खा पेपर तिरपा. बाबा आठवडाभरात ते इतकं सफाईनं घालायला शिकले की मीच बघत राहिले. कोऱ्या स्टेन्सिलवर इंग्रजी अक्षरांची चाचणी आम्ही घेतली होती आणि ती झकास निघाली होती. अडलं होतं फक्त मराठीचं. प्रिंटरच्या पोटात देवनागरी अक्षरांची चिप होती, पण तिच्याशी बोलणारा ड्रायव्हर कंपनीकडून यायचा होता.

संगणक आणि प्रिंटर यांना एकमेकांची भाषा येत नाही. मध्ये बसून एकाचं दुसऱ्याला सांगणारा जो प्रोग्रॅम, तो ड्रायव्हर. आमचं मशीन युनिक्सवर चालायचं आणि युनिक्सवर ड्रायव्हर बसवणं आजच्यासारखं चित्रावर टिचकी मारून उरकत नसे. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं. प्रिंटरला नाव द्यायचं, तो कोणत्या तारेवर आहे ते सांगायचं, त्या तारेवरून किती वेगानं बोलायचं ते सांगायचं, ड्रायव्हरची फाइल नेमून द्यायची, मग त्याच्या नावानं कामं घ्यायची परवानगी द्यायची आणि एवढं करून शेवटी त्याला पुन्हा वेगळं 'चालू हो' म्हणायचं. जिल्ह्याच्या कचेरीत शिपाई नेमायलाही एवढे सोपस्कार नसतील. नाव काय द्यावं याचा मी फार विचार केला नाही. जो माणूस ते यंत्र चालवणार त्याचं दिलं. रोमन लिपीत टाइप केलं: बाबा.

ड्रायव्हरची फ्लॉपी टपालानं आली ती नेमकी खंडेनवमीला. त्या दिवशी संस्थेत सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. आम्ही बौद्ध. आमच्या घरी ती पूजा नव्हती, बाबा दसऱ्याला पांढरे कपडे घालून नागपूरला जायचे. पण पूजेच्या आधीची साफसफाई संस्थेत दरवर्षी बाबांचीच. "पूजा तुमची, सफाई माही," असं ते शिपायांना हसून सांगत आणि आपण पुसलेल्या यंत्रावर कुंकवाचं बोट उमटलं की हळूच तेही पुसायला बघत. पूजा झालेलं यंत्र मग दसरा होईपर्यंत कोणी चालवायचं नाही, असा तिथला दंडक.

संगणक माझ्या काचेच्या खोलीत होता आणि प्रिंटर भिंतीपलीकडे, जुन्या खिळ्यांच्या खोलीत, कारण तो बडबड फार करायचा. मी शिपायाला म्हटलं, "संगणकाला कुंकू लावायच्या आधी मला तासभर द्या." त्या तासाभरात ड्रायव्हर चढवला. पलीकडे बाबा प्रिंटर पुसत होते, त्यामुळे तो बंदच होता. नंतर पूजा झाली, यंत्रं विसाव्याला गेली आणि बाबा नागपूरच्या बसमध्ये बसले.

दसऱ्यानंतर कचेरी उघडली. मी प्रिंटर सुरू केला आणि पहिला पेपर पाठवला. 'इयत्ता सातवी, विषय भूगोल' असं यायला हवं होतं. आलं ते असं: चौकोन, प्रश्नचिन्हं, उद्गारचिन्हं, टक्क्याच्या खुणा, पुन्हा चौकोन, मग एक कोरा कागद आणि पुन्हा उद्गारचिन्हं. जणू कोणी चिडून बोलत होतं आणि मला त्याची भाषा येत नव्हती.

बाबा शेजारी स्टेन्सिल घेऊन उभे होते. "हे मराठी हाये काय वं?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "होईल नीट. ड्रायव्हर नवा आहे, दोन-चार ठिकाणी सांगावं लागतं त्याला."

दोन-चार ठिकाणी सांगितलं. नंतर दहा ठिकाणी सांगितलं. ड्रायव्हर पुसला, पुन्हा चढवला. फ्लॉपी खराब असेल म्हणून तिची दुसरी प्रत काढली आणि तिच्यावरून चढवला. प्रिंटरचं नाव मोडून पुन्हा ठेवलं. मध्येच वीज गेली की संगणक उठल्यावर आपल्या सगळ्या फाइली तपासत बसायचा आणि मी त्याच्यासमोर हात चोळत. प्रिंटर नाठाळपणा करायला लागला की युनिक्स त्याला आपणहून बंद करतं आणि पडद्यावर इंग्रजीत तशी ओळ येते. दिवसातून कितीदा तरी मी ती वाचली: प्रिंटर बाबा बंद आहे, कारण माहीत नाही. पहिल्यांदा मला हसू आलं. नंतर ती ओळ आली की मी न वाचताच पुसून टाकायचे.

मग मला कुंकवाचा संशय आला. नक्की पूजेतलं काहीतरी आत गेलं असणार. मी प्रिंटरचं झाकण काढलं, तर रुळाखाली झेंडूची पाकळी आणि चार अक्षता सापडल्या. मला इतका आनंद झाला की मी त्या तळहातावर घेऊन शिपायाला दाखवायला गेले. "हे पाहा तुमचं दैवत," असं काहीतरी खवचट बोललेही. पाकळी काढली, अक्षता काढल्या, आतून फुंकर मारली, पेपर पाठवला. चौकोन आणि प्रश्नचिन्हं. शिपाई दारात उभा होता. त्याला बरं वाटलं असावं.

कंपनीला नागपूरला ट्रंक कॉल लावावा लागे आणि फोन सचिवांच्या खोलीत. म्हणजे माझी फजिती त्यांच्या समोर. लाइन लागली तेव्हा पलीकडचा इंजिनिअर ओरडून बोलत होता, मी ओरडून बोलत होते आणि सचिव सुपारी कातरत ऐकत होते.

"मॅडम, ड्रायव्हर बरोबर आहे, अकोल्याला चालतोय. प्रिंटरच्या मागची बारकी बटणं कोणी हलवली नाहीत ना?"

"नाही हो," मी म्हटलं. "ती भिंतीकडे आहेत, खाचेत. तिथं बोटसुद्धा जात नाही. कोण कशाला हात लावेल?"

"मग वेग बदलून बघा," तो म्हणाला आणि लाइन तुटली.

सचिवांनी अडकित्ता खाली ठेवला. "शनवारी जीप खामगावले चालली. पेपरचे हस्तलिखितं तयार ठेवजो. तवापर्यंत निघाले तं निघाले."

खोलीबाहेर आले तर व्हरांड्यात बाबा उभे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता काही विचारतील, पण ते म्हणाले, "चहा सांगू काय?"

मी वेग बदलून बघायला बसले. संगणक तारेवरून ज्या वेगानं बोलतो त्याच वेगानं प्रिंटरनं ऐकायला हवं, नाहीतर सगळा गोंधळ. आमचा वेग मी स्वतः पहिल्या दिवशी ठरवला होता आणि तो बदलायचं काही कारण नव्हतं. तरी एकेक करून सगळे वेग लावत गेले. आणि एका वेगाला, ज्याची मला अजिबात आशा नव्हती, पलीकडून प्रिंटरचा आवाज एकदम शहाण्यासारखा आला. धावत गेले. इंग्रजी मथळा स्वच्छ छापला होता! मी बाबांचा हात धरून लहान पोरीसारख्या उड्या मारल्या. त्यांनी कागद हातात घेतला, नाकाजवळ नेला. "अन् मराठी?"

मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा उकिरडा होता.

त्या आशेनं मला जास्त मारलं. आधी वाटत होतं, यंत्र बिघडलंय, आपला इलाज नाही. आता वाटायला लागलं, यंत्र ठीक आहे, मलाच काही येत नाही. ज्या वेगानं ते पूर्वी चालायचं त्या वेगानं चालत नाही आणि ज्यानं चालू नये त्यानं चालतंय, याचा अर्थ मला लागेना. नागपूरच्या वह्या काढून बसले, त्यांत प्रिंटरबद्दल दीड पान होतं. मास्तरांनी तो भाग 'सोपा आहे, घरी वाचा' म्हणून सोडून दिला होता. मी त्यांना मनातल्या मनात काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

बाबा एके सकाळी म्हणाले, "नसन जमत तं राहू दे, बाई. मी घरी बसन. तसं बी आता डोळ्याईले कमीच दिसते." हे बोलताना ते चुलीपाशी आईचे डबे लावत होते. सगळ्या डब्यांच्या कड्या समोर एका दिशेला आणल्या, झाकणं फिरवून त्यांवरची फुलं सरळ केली, एक पाऊल मागे येऊन पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आई नेहमीसारखी कटकट न करता नुसती बघत होती. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. घरी बसला असता तर हा माणूस आठवड्यात सगळं घर सरळ करून संपवणार होता, आणि मग त्यानं काय करायचं?

शुक्रवारी मी बाबांवर ओरडले. ते माझ्या खुर्चीमागे उभे राहून हिरवी अक्षरं पाहत होते. "मागे नका उभे राहू!" मी म्हटलं. "तुम्ही असे उभे राहिलात की मला काही सुचत नाही." शिपाई ऐकत होता, दोन मास्तर ऐकत होते. बाबा "हाव, हाव" म्हणत पलीकडच्या खोलीत गेले. थोड्या वेळानं तिकडून कागदांचे गठ्ठे टेबलावर आपटून सारखे करण्याचा आवाज येऊ लागला. टप, टप. मी टेबलावर डोकं टेकवून रडले. काम येत नसताना बाईनं कचेरीत रडू नये, हे मला कळत होतं, पण थांबवता येईना.

शनिवारी जीप फाटकाशी येऊन उभी राहिली. ड्रायव्हर, म्हणजे जीपचा, हॉटेलात चहा प्यायला गेला होता. हस्तलिखितांचं बोचकं माझ्या टेबलावर बांधून ठेवलेलं. आता काही करण्यासारखं उरलं नव्हतं, म्हणून जे आजवर केलं नव्हतं ते करायचं ठरवलं. प्रिंटरचं जड टेबल बाबांनी आणि मी मिळून भिंतीपासून ओढलं. बाबा दमून खिडकीशी उभे राहिले. मी तारेचं टोक तपासायला टॉर्च घेऊन मागे वाकले.

आधी वास आला. घासलेटचा.

मग दिसलं. प्रिंटरची पाठ लख्ख होती. भिंतीकडची बाजू, जिथं जळमटं असायला हवीत, तिथं धुळीचा कण नव्हता. आणि त्या बोटभर खाचेत आठ बारके पांढरे स्विच, तांदळाच्या दाण्याएवढे, सगळेच्या सगळे एका पातळीत. एक वर नाही, एक खाली नाही. डोळे मिटून बोट फिरवलं असतं तरी ओळ गुळगुळीत लागली असती.

प्रिंटरच्या पुस्तकातलं चित्र मला पाठ होतं. त्यात ते स्विच काही वर, काही खाली, पडक्या दातांसारखे वेडेवाकडे होते. त्यांच्या त्या वेडेवाकडेपणातच सगळं होतं: कोणत्या वेगानं ऐकायचं, देवनागरीची चिप जागी ठेवायची की नाही. माझा ड्रायव्हर पहिल्या दिवसापासून बरोबर होता. प्रिंटरच बहिरा आणि परका करून ठेवला होता. खंडेनवमीच्या सफाईत एका माणसाला खाचेत काही खिळे खालीवर दिसले होते, आणि आयुष्यभर जे केलं तेच त्यानं केलं होतं, आपल्या पोरीचं मशीन म्हणून जरा जास्तच मन लावून.

सुटल्यासारखं वाटलं, राग आला आणि लगेच भीतीही वाटली. सचिवांना हे कळलं तर? ज्याची नोकरी वाचवायला हा सगळा खटाटोप, त्यानंच मशीन बिघडवलं. आणि बाबांना कळलं तर? त्याचा विचार मला करवेना.

खाचेत बोट जात नव्हतं. काडेपेटीतली काडी घालून पाहिली, ती मोडली. एकच वस्तू आत जाण्यासारखी होती.

"बाबा," मी मागे न वळता हात पुढे केला. "चिमटा द्या बरं जरा."

त्यांनी खिशातून काढून दिला. "काय झालं वं?"

"काही नाही. तार ढिली आहे. तुम्ही असं करा, कपाटातून स्टेन्सिलचं बंडल घेऊन या."

ते जायला निघाले. जाताना माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं की सरळ गेले, मला कळलं नाही. माझी पाठ होती आणि मी एकेक स्विच चित्रातल्यासारखा वाकडा करत होते. ते स्विच घट्ट बसले होते. नीट, जोर लावून बसवले होते.

प्रिंटर बंद करून पुन्हा सुरू केला. संगणकावर येऊन वेग पूर्वीचा केला. मग टाइप केलं, बाबा चालू हो. पलीकडे सुया करकरल्या. मी पडद्यासमोरच बसून राहिले. बाबाच कागद घेऊन दारात आले. 'इयत्ता सातवी. सहामाही परीक्षा. विषय भूगोल.' खाली पहिला प्रश्न, सातपुड्यातून वाहणाऱ्या नद्यांचा. त्यांनी मजकूर वाचला नाही. कागद आडवा धरून एक डोळा मिटून पाहिलं. "ओळ सरळ हाये," ते म्हणाले.

जीप रिकामी परत गेली. दुपारी सचिव आले तेव्हा सायक्लोस्टाइल फिरत होतं. बाबा स्टेन्सिल लावत होते, शिपाई प्रती मोजून पाकिटात भरत होता, दोन मास्तर शाई वाळवत होते. सचिवांनी एक पेपर उचलून खालीवर पाहिला. खूश झाले. आणि खूश झालेला माणूस विचारतोच तसं त्यांनी विचारलं, "मंग इतके दिवस नेमकं काय झालतं?"

बाबांचा हात स्टेन्सिलवर थांबला. मला ते डोळ्याच्या कडेनं दिसलं.

"ड्रायव्हर चुकीचा बसवला होता," मी म्हटलं. "मी. माझ्या हातून चूक झाली."

"वा! म्हंजे मशीन चांगलं होतं?"

"हो."

"अन् त्या कंपनीवाल्यानं सांगितलं होतं का ड्रायव्हर बरोबर हाये म्हून?"

"हो. चूक माझीच होती."

ते मास्तरांकडे वळले आणि हसले. "पोरीच्या हाती मशीन देलं का असं होते पाहा." मास्तर हसले. शिपाईही हसला, पाकळीचा हिशेब चुकता झाला. माझी परिविक्षा आणखी वर्षभर वाढवल्याचं पत्र दिवाळीच्या सुट्टीनंतर हातात पडलं, आणि पुढची कितीतरी वर्षं संस्थेत कुठं काही अडलं की कोणीतरी म्हणायचं, "ड्रायव्हर बसवला काय मॅडमनं?" मला दर वेळी तेवढाच राग यायचा. पण बाबांना स्टेन्सिलच्या कामावर ठेवल्याचं पत्र त्या शनिवारीच निघालं होतं. ते वाचून झाल्यावर आईनं साखर वाटली.

त्या संध्याकाळी मी चिमटा परत द्यायला गेले. बाबा ओसरीवर चपला लावत होते. त्यांनी हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि परत माझ्या हातात ठेवला.

"राहू दे तुह्याजोळ," ते म्हणाले. "मले आता कायले लागते?"

मला वाटलं, खिळेच राहिले नाहीत, म्हणून म्हणत असतील. मी तो कचेरीतल्या माझ्या टेबलाच्या खणात टाकला.

पुढच्या वर्षी खंडेनवमी जवळ आली तशी माझी झोप उडाली. बाबांना सफाई करू नका म्हणावं तर ते 'का?' म्हणून विचारतील, आणि करू द्यावी तर तो खाचेतला वाकडेपणा पाहून ते तसाच सोडतील असं कसं होईल? मी ठरवलं, सफाई आटोपली की पूजेच्या आधी गुपचूप जाऊन स्विच पुन्हा चित्राप्रमाणे लावायचे. त्या दिवशी सफाई संपली असेल म्हणून खणातून चिमटा काढून पदरात घेतला आणि खिळ्यांच्या खोलीकडे गेले. दार अर्धं उघडं होतं.

टेबल भिंतीपासून ओढलेलं होतं. शिपाई फडकं घेऊन प्रिंटरच्या मागे वाकला होता आणि बाबा त्याच्या शेजारी घासलेटची वाटी धरून उभे होते.

"काका, हे आतले बारके दात पाहा ना," शिपाई म्हणाला. "निरे खालीवर झाले. सरळ करू काय?"

बाबांनी वाटी खाली ठेवली. गालावर हात नेला, दाढेवर, तसाच दाबून धरला.

"नको लावू बे हात तिथं," ते म्हणाले. "वाकडेच राहू दे. माह्या पोरीनं बसवेल हायेत ते."

मी चिमटा मुठीत धरून दारातूनच परत फिरले.